घरतांच्या वीराचं नाव

धनेश घरतच्या आयुष्यात अरविंद टिपणीस चालत आले नाहीत, कोणी ओळख करून दिली म्हणूनही आले नाहीत. ते उडी मारून आले. हनुमंताने समुद्र ओलांडला तेव्हा त्याच्या पायाखाली निदान डोंगर होता. टिपणिसांच्या पायाखाली वाशीतल्या कमळाकरशेठच्या भांड्यांच्या दुकानातलं एक डगमगतं स्टूल होतं आणि त्यावर सदुसष्ट वर्षांचे दोन गुडघे होते. धनेशने मोडीत घालायला आणलेली जुनी तांब्यापितळेची दोन पोती हमालाने तराजूवर उपडी केली. घंगाळं, तपेल्या आणि कळशांच्या त्या ढिगातून एक काळपट गोल चकती घरंगळत बाहेर आली. त्याबरोबर टिपणीस ओरडले, "थांबा! माणूस आहे त्यात!" आणि झेपावले.

पुढचं धनेश सांगतो ते असं : हमालाने हातातली घागर स्वतःच्या पायावर सोडली, कुकर घ्यायला आलेली बाई कुकर तिथेच टाकून नुसतं झाकण घेऊन पळाली, तपेल्या गडगडत रस्त्यावर गेल्या, एक बस थांबली, तिच्या मागे दुसरी थांबली, आणि वाशीपासून तुर्भ्यापर्यंत तासभर चाक हललं नाही. कमळाकरशेठला विचाराल तर तो म्हणतो की एक तपेली पडली, तिला पोचा आला आणि तो धनेशच्या हिशेबात धरला नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. एका गोष्टीबद्दल मात्र दुमत नाही. टिपणीस जमिनीवर बसले होते, चकती दोन्ही हातांत धरली होती आणि तिची कड भिंगातून न्याहाळत होते. पाटी-पेन्सिल मिळालेल्या पोरासारखं त्यांचं तोंड उघडं होतं.

धनेश जमिनीच्या व्यवहारात वाढलेला माणूस. बेलापूरच्या गावठाणात त्याची चार मजल्यांची इमारत, गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी. समोरचा घाई करतोय म्हणजे वस्तूत काहीतरी आहे, एवढं त्याला कळत होतं. त्याने टिपणिसांच्या हातातून चकती काढून खिशात टाकली.

"काका, किती येतील याचे?"

"विकू नका," टिपणीस म्हणाले.

"नाय विकत. पण किती येतील?"

"विकू नका म्हणतोय ना!"

एवढं ऐकल्यावर धनेशची खात्रीच पटली की खिशात किमान एक फ्लॅट आहे. टिपणिसांचा फोन नंबर घेऊन तो घरी गेला, चकती लॉकरमध्ये ठेवली आणि दुपारी छान झोपला.

संध्याकाळी त्याला आईने, भागीरथीने, उठवलं. तिचं वय ऐंशीच्या घरात, आवाज खाडीपलीकडे जाणारा. सुचिताने, म्हणजे धनेशच्या बायकोने, नवा संगमरवरी देव्हारा आणला होता. देव हलवताना तांब्याचं जुनं सामान मोडीच्या पोत्यात भरलं होतं, आणि त्यात घरचा वीर गेला होता.

"धनेश, वीर कुठं हाय आपला?"

"कंचा वीर, आये?"

"कंचा म्हंजे? देवाऱ्यातला! तुज्या बापानं पुजला, त्याच्या बापानं पुजला, तो!"

"आये, मला वाटलं जुना बिल्ला हाय कसला तरी," सुचिता दारातूनच म्हणाली. खोलीच्या आत यायची तिची हिंमत होत नव्हती.

घराण्यातला कोणी माणूस लढाईत किंवा परमुलखात अपमृत्यूने गेला, तर त्याला वीर म्हणून देव्हाऱ्यात बसवतात. बहुतेक घरांत त्याचा चांदीचा टाक असतो. घरतांच्या घरात ही तांब्यासारखी दिसणारी चकती होती. भागीरथीच्या सासऱ्याच्या आज्याचा एक भाऊ सरकारबरोबर बोटीत बसून गेला. तो परत आला नाही, ही चकती आली. तिच्यावर एक योद्धा बसलेला आणि मागे उभी असलेली बाई त्याच्या डोक्यावर हार ठेवतेय. योद्धा म्हणजे आपला माणूस आणि बाई म्हणजे एकवीरा आई, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं होतं. बाईच्या पाठीला पंख होते, पण ते वाऱ्यावर उडालेला पदर म्हणून चार पिढ्यांनी मान्य केले होते.

धनेशने मुकाट्याने लॉकर उघडलं. भागीरथीने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "तो भांड्याच्या दुकानातला भाऊ काय बोलला वीराला बगून?"

"बोलला, माणूस हाय त्यात."

"मंग त्याला बोलव," भागीरथी म्हणाली. "त्याला समाजतंय."

टिपणीस रविवारी सकाळी आले ते इस्त्रीच्या शर्टात, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा तराजू. तराजूशिवाय ते कोणाकडे जात नसत. तीस वर्षं त्यांनी वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. रोह्याकडचे टिपणीस हे. नोकरीसाठी बेलापूरला आले आणि खात्यानेच जवळच्या सेक्टरात मिळवून दिलेल्या दोन खोल्यांत राहिले. भाजीवाल्यांपासून सोनारांपर्यंत कोणी त्यांना चहा पाजू शकला नाही. त्यांच्या पत्नी नंदिनीताई सांगत, की लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी वाण्याकडून आणलेली साखर घरी पुन्हा मोजली, ती दहा ग्रॅम जास्त भरली, आणि हा गृहस्थ ती दहा ग्रॅम परत द्यायला गेला.

मेडलांचा नादही नोकरीतूनच लागला. उरणच्या बाजूला एका दुकानात तपासणी करताना तराजूच्या एका पारड्याखाली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बांधलेला पासंग त्यांना सापडला. दोऱ्याने बांधलेली चांदीची गोल चकती. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला लढाईचं चित्र, आणि कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेलं : सिपाही अमुक, पलटण अमुक. टिपणिसांनी ती जप्त केली, लाखेने मोहोरबंद केली. खटला नऊ वर्षं चालला. त्या नऊ वर्षांत ती पाकिटात त्यांच्या कपाटात होती, आणि हा सिपाही आपल्या ताब्यात आरोपीसारखा पडून आहे हे त्यांना सहन होईना. खटला संपल्यावर त्यांनी रीतसर अर्ज केला, रीतसर सहा स्मरणपत्रं पाठवली आणि ती चकती मिळवली.

तिथून पुढे दर शनिवारी ते कुठल्या ना कुठल्या सोनाराच्या किंवा भांडेवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसू लागले. वितळायला आलेल्या ढिगात नजर ठेवायची, मेडल दिसलं की धातूच्या भावाने सोडवून आणायचं. ब्रह्मदेश, अफगाणिस्तान, चीन, आफ्रिकेतलं हबसाण, जिथे जिथे इंग्रज जिंकले, तिथली तिथली मेडलं त्यांच्या लोखंडी कपाटात येऊन पडली. "आमच्या घरात दोनशे मेलेले सैनिक आणि एक जिवंत इन्स्पेक्टर," नंदिनीताई म्हणत. "सैनिकांचा त्रास नाही."

सोसायटीत मात्र या छंदाची चेष्टा होई. एकदा पंधरा ऑगस्टला झेंडा चढल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी अभिराम सगळ्यांसमोर म्हणाले होते, "टिपणीससाहेब, इंग्रजांनी आपल्याला बदडलं त्याची बक्षिसं जमवता तुम्ही. एखादा तरी आपल्या विजयाचा बिल्ला ठेवा." लोक हसले. टिपणीस हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या बाजूला त्यांची राणी असते. मागच्या बाजूला त्यांचा विजय असतो. कडेला आपला माणूस असतो. मी कडा जमवतो." मग त्यांनी सेक्रेटरीच्या हातातली जिलबी बघितली आणि हलवाई जिलबीच्या वजनात खोक्याचंही वजन धरतो हेही सांगून टाकलं.

तर असे टिपणीस भागीरथीच्या देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले. चकतीला हात लावायच्या आधी त्यांनी नमस्कार केला. तेवढ्यावर भागीरथीने त्यांना घरातला माणूस ठरवलं.

"हे कांस्याचं मेडल," ते म्हणाले. "ब्रह्मदेशाच्या लढाईचं. वरची कडी तुटलीय. लढणाऱ्या सैनिकांना चांदीचं द्यायचे. कांस्याचं द्यायचे ते पलटणीबरोबर गेलेल्या कामकऱ्यांना."

"म्हणजे लढला नाय तो?" धनेश जरा पडेल आवाजात म्हणाला. गावात वीराच्या तलवारीच्या गोष्टी त्याने स्वतः वाढवून सांगितल्या होत्या.

टिपणिसांनी चकती खिडकीशी नेली, उन्हात तिरकी धरली, भिंग लावलं. "डोलीवाला," ते म्हणाले. "शेवटचे शब्द लागतायत. इस्पितळाच्या तुकडीत डोलीवाला होता. गोळ्या चालू असताना जखमींना खांद्यावर उचलून आणायचं काम. हातात शस्त्र नाही. डोली धरायला दोन्ही हात लागतात."

धनेश उठून खिडकीशी आला आणि चकतीकडे बघू लागला.

मग टिपणिसांनी चकती उलटी केली. हळदीकुंकवाच्या थराखालून मुकुटवाली बाई दिसली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ विलायतेची राणी घरतांच्या देव्हाऱ्यात पालथी पडून होती.

"ही कोन बाय?" भागीरथीने विचारलं.

"ही त्यांची राणी. हिच्या राज्यासाठी नेलं त्याला."

"आनि वरची? ती आमची आई नाय?"

टिपणिसांना खोटं मोजता येत नसे. "तिला ते लोक विजयाची देवी म्हणतात."

"मंग एकवीराच झाली की," भागीरथी म्हणाली, आणि राणीला पुन्हा पालथं घातलं. "भाऊ, त्याचा नाव काय हाय? सर्वपित्रीला सगल्यांना नावानी बोलवतो आमी. ह्याला नुसता 'वीरा, ये' म्हनतो. माजी सासू बोलायची, नाव घेतल्याबिगर मानूस पंगतीला बसत नाय. साठ वरसां मी त्याला उभाच ठेवलाय."

टिपणिसांनी पुन्हा चकती उन्हात धरली. तराजूत घातली, काढली, कड बोटाने चाचपली. मग चकती मांडीवर ठेवून म्हणाले, "नाव होतं. इथे होतं. आता नाही."

"गेला कुठं?"

"झिजलं. एका बाजूची कड गुळगुळीत आहे. पकडून घासताना..." ते थांबले, पण थांबायला उशीर झाला होता.

दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरतांच्या घरात कोयते, विळे, होडीचा नांगर आणि वीर यांची पूजा व्हायची. त्याआधी ते सगळं चिंच, राख आणि काथ्या घेऊन लखलखीत करायचं. वीर घासायचं काम घरातल्या मोठ्या सुनेचं. भागीरथी लग्न होऊन आली त्या वर्षापासून ते तिच्याकडे होतं, आणि ती कामात हयगय करणाऱ्यांतली नव्हती.

तिने आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. "म्हंजे मीच पुसला त्याचा नाव."

"तुमच्या आधी तीन पिढ्या घासत होत्या," टिपणीस घाईने म्हणाले.

"त्यांनी थोडा पुसला. बाकीचा मी." तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. "मना कुनी बोलला पन नाय, भाऊ, का तिथं नाव हाय म्हनून. मना वाचता कुठं येतंय."

त्या वर्षी खंडेनवमीला देव्हाऱ्यातलं सगळं चमकत होतं. वीर काळा होता. भागीरथीने त्याला हात लावला नाही, आणि कोणाला लावू दिला नाही.

टिपणिसांनी ते मनावर घेतलं. मेडलं वाटताना इंग्रज याद्या करत, आणि त्या याद्या लंडनच्या दफ्तरखान्यात आहेत, हे त्यांना माहीत होतं. तिथल्या एका निवृत्त ग्रंथपालाशी त्यांचा जुना पत्रव्यवहार होता. कॉम्प्युटर त्यांना जमत नसे. ते सुवाच्य अक्षरात पत्र लिहीत, धनेश त्याचा फोटो काढून मेल करी. मेल गेला की टिपणीस विचारत, "गेलं का? पोच आली का?" आणि धनेश म्हणे, "काका, ते काय रजिस्टर पोस्ट हाय?" दर रविवारी हे चाले. धनेशला वर्षभरात कळलं की हा म्हातारा यायचा असला की आपण रविवारची साइट-व्हिजिट पुढे ढकलतो. मेडलाच्या किमतीबद्दल त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

त्याच वर्षात टिपणिसांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. धनेशच त्यांना गाडीने वाशीला नेऊ लागला. मशीनवर असताना ते नर्सला विचारत, "आत किती घेतलं, बाहेर किती काढलं?" आणि तिने ठोकळ आकडा सांगितला तर नाराज होत. वजन प्रत्येक वेळी कमी भरत होतं. ते त्यांना इतरांच्या आधी कळलं.

भाद्रपदात, सर्वपित्रीला चार दिवस असताना, लंडनहून मेल आला. त्या इस्पितळी तुकडीतल्या कांस्य मेडल मिळालेल्या डोलीवाल्यांच्या हस्तलिखित यादीचा फोटो. धनेशने तो कागदावर छापून आणला आणि टिपणिसांनी मशीनवर पडल्या पडल्या वाचला. त्रेचाळीस नावं. गाव नाही, बापाचं नाव नाही, आडनाव नाही. नुसती नावं, गोऱ्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी.

परत येताना गाडीत टिपणीस खिडकीबाहेर बघत होते.

"काका," धनेश म्हणाला, "यातलं एक द्या ना तिला. राघो. राघो चांगलं नाव हाय. आमच्यात असतात राघो."

टिपणिसांनी कागदाची घडी घातली.

"तिला काय कळतंय? म्हातारी शांत होईल. वर्षभर तो वीर काळा ठेवलाय तिने, माझ्याच्याने बघवत नाय."

"मलाही बघवत नाही."

"मग?"

"तीस वर्षं लोकांची मापं तपासली, धनेश. गिऱ्हाईकाला वाचता येत नाही त्या दुकानात मी जास्त वेळ थांबायचो."

धनेशने गाडी तशीच घराकडे नेली. जिना चढायला टिपणिसांना वीस मिनिटं लागली. भागीरथीने पाणी दिलं, गूळ दिला. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि जे होतं ते सांगितलं : यात तो असेल, पण कुठला ते सांगता येत नाही, कोणालाच सांगता येणार नाही.

भागीरथी ऐकत होती. "किती बोललास?"

"त्रेचाळीस."

"आनि ते बाकीचे? त्यांना कोनी बोलवतंय का घरी?"

"कोण जाणे. बहुतेक नसेल."

तिने आतल्या दिशेला हाक मारली. "सुचिता! सर्वपित्रीला तरेचाळीस पानां लागतील गो!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. "किती? आये, हॉल घेतलाय का काय?"

"वाच भाऊ," भागीरथी म्हणाली. "मना ऐकू दे एकदा. कोन कोन येनार ते कलला पायजे."

टिपणिसांनी वाचायला सुरुवात केली. गणू. पांडू. राघो. धाकू. पोशा. नारू. नारू दुसरा. महादू. प्रत्येक नावाला भागीरथी मान हलवत होती, दारात पाहुणे आल्यासारखी. "शेख इमाम," टिपणीस म्हणाले आणि थांबले.

"त्याला भात-वडे चालतात ना?"

"चालत असावेत."

"मंग थांबलास काय? पुढं."

सर्वपित्रीला गच्चीवर त्रेचाळीस केळीची पानं मांडली गेली. सुचिता पहाटेपासून वडे तळत होती आणि तोंडाने तक्रार करत होती, पण पान एकही अर्धवट वाढलं नाही. भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. नंदिनीताई वाढायला आल्या होत्या. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "धनेशशेठ, इलेक्शनला उभा हायस काय?" धनेशने मान खाली घातली.

नावं टिपणिसांनी पुकारायची असं भागीरथीने ठरवलं होतं. त्यांना खुर्ची दिली होती, पण ते उभे राहिले. एका हाताने धनेशचा खांदा धरला. आवाज आधीच गेलेला, तरी त्यांनी प्रत्येक नाव वेगळं घेतलं, प्रत्येक नावानंतर थांबले, आणि भागीरथी त्या त्या पानावर पाणी सोडून म्हणाली, "ये बाबा, जेव." त्रेचाळीस वेळा. शेवटची दहा नावं घेताना टिपणिसांचा सगळा भार धनेशच्या खांद्यावर आला. आयुष्यभर जमिनी मोजणारा तो आडदांड माणूस रडत होता. नाक पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांनी त्याने टिपणिसांना कमरेशी धरलं होतं.

कावळे आले. बेलापुरात आहेत तेवढे सगळे आले असावेत. कोणी कुठल्या पानाला चोच लावली हे बघायला भागीरथी थांबली नाही. खाली जाऊन तिने देव्हाऱ्यातला वीर घेतला, ओल्या फडक्याने हलकाच पुसला, आणि चिंच लावली नाही.

अरविंद टिपणीस पुढच्या जानेवारीत गेले. अबोली, त्यांची मुलगी, पुण्याहून आली आणि आईला घेऊन गेली. मेडलांचं कपाट सध्या धनेशच्या ऑफिसात आहे.

फेब्रुवारीत धनेशच्या फोनवर लंडनच्या ग्रंथपालांचा मेल आला. टिपणिसांच्या आभाराच्या पत्राला ते उत्तर होतं. त्यांनी लिहिलं होतं, की एक खुलासा राहून गेला. त्या यादीची तीन पानं होती. पाठवलं होतं ते पहिलं. दुसरं आणि तिसरं दफ्तरखान्यात नाहीत.